खोके एक्केचाळीस ते बावन्न

६ फेब्रुवारी

घराच्या कागदांवर आज सह्या झाल्या. घेणारे दाताचे डॉक्टर आहेत. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटणार, मागे स्वतः राहणार. ताबा पाच मार्चला द्यायचा. तेवढ्या वेळात छत्तीस वर्षांचा संसार एका कंटेनरमध्ये बसवून समुद्रापार चिरंजीवाकडे धाडायचा आहे, आणि पाठोपाठ आम्ही दोघांनी जायचं आहे.

चिरंजीवाचं तिकडचं दुकान आता इतकं वाढलंय की मागचं गोदाम त्याला आवरत नाही. "बाबा, तुम्ही या आणि गोदाम हातात घ्या," असं तो म्हणाला त्याला आठ महिने झाले. निवृत्त झाल्यापासून भाजीची पिशवी सोडली तर मला कुणी काही हातात घ्या असं म्हटलेलं नाही. तेहतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हे फार लागतं. ही डायरी त्याचसाठी नवी आणली आहे. नवं काम, नवी वही.

जेवताना ही म्हणाली, "मी काही येत नाही हं. तुम्ही जा."

मी म्हटलं, "बरं, मग तुला खोक्यात भरून नेतो."

हसली नाही. दिवसभर सह्यांच्या धावपळीत दमली असावी.

९ फेब्रुवारी

आज सामान पाठवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात गेलो. प्रत्येक प्रश्नाला "उद्या होईल" म्हणतो, म्हणून मी त्याचं नाव उद्याशेठ ठेवलं आहे. पण एक गोष्ट त्याने नीट समजावली. प्रत्येक खोक्याला नंबर हवा, आत काय आहे ते हवं आणि वजन हवं. यादीच्या तीन प्रती. सामान चढलं की दाराला सील लागतं आणि ते सील समुद्रापलीकडेच तुटतं. यादीत एक आणि आत दुसरंच निघालं तर अख्खा कंटेनर अडकतो. मी मनातल्या मनात हसलो. यादीच्या बाबतीत हा मला शिकवणार.

लोक आधी सामान भरतात आणि मग यादी करतात. त्यामुळे घोळ होतो. मी स्टोअरमध्ये कायम उलटं केलं. आधी यादी, मग माल. रात्री बसून सगळं घर कागदावर उतरवलं. त्रेसष्ट खोके, शिवाय जुन्या स्टोअरच्या लिलावात घेतलेल्या लोखंडी मांडण्या, त्या चिरंजीवाच्या गोदामासाठी. प्रत्येक खोक्यापुढे वजनही घालून टाकलं. इतकी वर्षं हाताने माल उचललेला आहे, अंदाज पावकिलोच्या वर चुकत नाही.

एक्केचाळीस ते बावन्न हे बारा नंबर हिचे. कपडे, चादरी, शिवणाचं सामान आणि मशीन. तिची प्रत तिला दिली. बराच वेळ वाचत बसली.

"एक्केचाळीस चौदा किलो?"

"चौदा."

"आणि मशीन?"

"कात्र्या, दोऱ्यांची रिळं धरून अठरा."

कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली. कधी नव्हे ते माझ्या कामात एवढं लक्ष घातलं, बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

पॅकिंग सुरू. मी दिवसाला सात खोके उडवतो, ही एकच भरते, तोही मागच्या खोलीत दार लावून. "माझं मी भरते, तुम्ही मध्ये नाक खुपसू नका," म्हणाली. नाही खुपसलं. भरून झाला की ती मला हाक मारते. मी टेप लावतो, टेपवर सही करतो आणि काट्यावर चढवतो.

गंमत म्हणजे वजन माझ्या यादीशी तंतोतंत जुळतं. एक्केचाळीस, चौदा किलो. बेचाळीस, चौदा. त्रेचाळीस, तेरा. माझे स्वतःचे खोके इतके जुळत नाहीत, पुस्तकांनी मला दोन ठिकाणी तोंडघशी पाडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिने माझं एवढं अक्षरशः ऐकल्याचं मला आठवत नाही. तसं तिला बोलूनही दाखवलं. "तुमची यादी आहे ना," एवढंच म्हणाली.

सकाळी मात्र ती अजून शिवणाच्या वर्गाला जातेच. इस्त्रीवाल्याच्या मागच्या खोलीत दहा-बारा बायकांना शिकवते. सतरा वर्षं चाललंय हे. मी कधी गेलो नाही, बायकांत आपलं काय काम. आता महिनाभरात बंदच करायचं तर कशाला जातेस, असं विचारलं. म्हणाली, एकीचा हात अजून बसला नाही.

१९ फेब्रुवारी

खाली वॉचमन डोक्याला हात लावून बसला होता. वरच्या मजल्यावर भिंत पाडायचं काम चालू आहे, त्याच्या जुन्या विटा जिन्याखाली रचल्या आहेत. त्यातल्या रोज चार-पाच कमी होतात म्हणे. विटा कोण चोरणार? मी त्याला सांगितलं, वही कर. सकाळी मोज, संध्याकाळी मोज, सही कर. चोर आपोआप सापडतो. बिचाऱ्याने मान डोलावली.

हिची कंबर धरली आहे. रात्री मलम चोळून दिलं. एवढ्याशा कपड्यांनी कशी काय कंबर धरते, वय झालं आता. म्हटलं, उरलेले खोके मी भरतो. नको नको म्हणत उठूनच बसली.

२२ फेब्रुवारी

चिरंजीवाचा फोन. आईचे कागद मागे पडलेत. "बाबा, तुमचं तिकीट एकतीस मार्चचं काढतो, आईचं मागाहून बघू." कुठे अडलंय विचारलं तर काहीतरी पुटपुटला. तिकडची सरकारी खातीही इथल्यासारखीच दिसतात. वर म्हणाला, डबल बेड पाठवू नका, खोली लहान आहे, एकच पलंग मावेल. मी म्हटलं, अरे पण आम्ही दोघं. "बघू ना बाबा नंतर." पोरगा दमतो हल्ली, आवाजावरून कळतं. एकोणिसाव्या ओळीवर काट मारून 'पलंग, एक' असं लिहिलं.

मी आधी, ही मागून, हे मला फार आवडलं नाही. पण त्यात एक सोय आहे. ती येईपर्यंत तिचे बाराही खोके तिथे पोहोचलेले असतील. तिला तसं समजावलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

२५ फेब्रुवारी

कंटेनर भरला. सकाळी सातला ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी. निळा, वीस फुटी, एका बाजूला पोचा आलेला. मुकादम आणि चार हमाल. मी दारात यादी घेऊन उभा, एकेक नंबर बाहेर पडला की खूण. मला आज फार दिवसांनी जिवंत असल्यासारखं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

एकच भांडण झालं. मी कपड्यांचे खोके सर्वांत वर लावायला सांगितले होते. मुकादमाने एक्केचाळीस खांद्यावर घेतला, दोन पावलं गेला, थांबला, जरा हलवून पाहिला.

"ताई, कपडेच ना?"

"कपडेच," ही म्हणाली. "सावकाश."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि बाराच्या बारा खोके नेऊन तळाला लावले. मी यादी नाचवली. तर म्हणतो, "साहेब, तुम्हाला कागद कळतो, मला हाताला कळतं. हे खालीच राहू द्या." कपडे तळाला आणि काचसामान वर. असल्या माणसांपुढे हात टेकले. ही मात्र त्याला आत बोलावून दोनदा चहा देत होती.

अकराला दार बंद, सील लागलं. नंबर मी तीन ठिकाणी लिहून घेतला. कंटेनर वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा ही पायरीवर मटकन बसली. म्हणाली, "सुटले." मीही शेजारी बसलो. सुटलोच म्हणायचं.

३ मार्च

जहाज आलंच नाही. म्हणजे आलं, पण आपल्या बंदराला न लागता पुढे गेलं. बाहेर फार गर्दी होती म्हणे. उद्याशेठ म्हणाला, पुढचं दोन आठवड्यांनी. कंटेनर बंदराच्या यार्डात पडून आहे.

डॉक्टर भला माणूस. कंटेनर हलेपर्यंत मागच्या खोलीत राहा म्हणाले, पण पुढचं काम ते थांबवणार नाहीत. आमच्याजवळ दोन गाद्या, एक पातेलं, दोन ताटल्या, एक बादली आणि माझी बॅग.

८ मार्च

पुढच्या भिंतीला भोकं पाडणं चालू आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दात कोरल्यासारखा आवाज, अजून खुर्चीसुद्धा आली नाही तरी. धूळ गादीत, चहात, कानात. खुर्च्या कंटेनरमध्ये, त्यामुळे मी बादली उपडी घालून बसतो. शिंकलो तर रिकाम्या भिंती परत शिंकतात.

डॉक्टरांनी कुलूप बदललं. किल्ली एकच मिळाली, दुसरी सुताराकडे असते. भोकांच्या आवाजात दार वाजवलेलं मला ऐकू येत नाही, म्हणून सकाळी ही वर्गाला किल्ली घेऊन जाते आणि मी एकपर्यंत खोलीत. जायचं असतं तर जाता आलं असतं, आतून लॅच उघडतं. पण मग परत आत कसा येणार? माझ्याच घराच्या जिन्यात उभं राहून कुणाची तरी वाट बघायची, हे मला जमायचं नाही. म्हणून बसून राहतो. एक वाजला की किल्ली माझ्याकडे येते आणि मी बंदरावर जातो.

१३ मार्च

पुलावरून यार्ड दिसतं. आपला कंटेनर सापडला. तिसऱ्या रांगेत, एकावर एक चार, त्यातला खालून दुसरा. पोचा स्पष्ट दिसतो. त्याच्यावर दोन, खाली एक, दोन्ही बाजूंना लाल. हलायला इंचभर जागा नाही. मी रोज जाऊन बघून येतो. बघून काय होतं, काही होत नाही.

खरं सांगायचं तर जीव गुदमरतो. इथलं घर आपलं नाही, तिकडचं अजून झालं नाही. चिरंजीव विचारतो, बाबा, मांडण्या कधी येतील? मी म्हणतो, उद्या. मीच आता उद्याशेठ झालोय.

ही मात्र वर्गातून येते तेव्हा चेहरा ताजा असतो, आणि या खोलीत पाऊल टाकलं की उतरतो. इथल्या धुळीला दुसरं काय होणार. आज तिच्या अंगावर तो ठेवणीतला निळा ड्रेस होता. तो मी चव्वेचाळीस नंबरमध्ये लिहिला होता असं मला पक्कं आठवत होतं. तसं म्हटलं, तर म्हणाली, "तो दुसरा निळा." असेल. बायकांच्या निळ्यांत मला कळत नाही.

१९ मार्च

दुसरं जहाज लागलं आणि आपल्याशिवाय गेलं. आपला कंटेनर तपासणीसाठी निवडला गेला. असे अधूनमधून निवडतात, त्यात आकस नाही, असं उद्याशेठने तीन वेळा सांगितलं. आधी स्कॅनरखालून काढणार. आतलं सगळं पडद्यावर दिसतं म्हणे, सील न तोडता.

घरी येऊन हिला सांगितलं. हिच्या हातातली ताटली पडून फुटली. आमच्याकडे आता एकच उरली.

"सगळं दिसतं?"

"सगळं. आपल्याला काय भीती, आपली यादी चोख आहे."

रात्री जेवली नाही. तिचाही जीव सामानात किती अडकलाय ते मला आज कळलं. उगाच वाटायचं की हिला कशाची फिकीर नाही.

२३ मार्च

नोटीस आली. स्कॅनमध्ये काही खोके यादीशी जुळत नाहीत, सव्वीस तारखेला मालकाने समक्ष हजर राहावं, कंटेनर उघडणार. मी तीनदा वाचली. माझी यादी जुळत नाही? तेहतीस वर्षांत तीन ऑडिटं झाली, एक खिळा कमी निघाला नाही. मशीन खराब असणार.

ही दारातच उभी होती. म्हणाली, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

मी म्हटलं, "थांब, आधी हे ऐक," आणि नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. मग उद्याशेठला फोन लावला, मग चिरंजीवाला, मग स्टोअरचा लिलाव केलेल्या आमच्या जुन्या साहेबाला, त्याची बंदरात ओळख आहे. दोन तास त्यात गेले. फोन ठेवला तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मीही येऊ का बंदरावर?" तिने न वळताच विचारलं.

"उन्हातान्हात तुझं तिथे काय काम?" मी म्हटलं.

तिला काय सांगायचं होतं ते राहिलंच.

२६ मार्च

आज अक्षर वाईट येईल. तरी लिहितो, कारण दुसरं काही सुचत नाही.

दहाला बंदरातल्या तपासणीच्या शेडमध्ये पोहोचलो. अधिकारी बाई तिशीच्या, सूनबाईच्या वयाच्या. सील तोडलं, दार उघडलं. आतून घरच्या कपाटाचा वास आला आणि मला क्षणभर बरं वाटलं. सगळं बाहेर काढून मांडलं. तळाचे बारा शेवटी.

"काका, ही यादी तुम्ही केलीत?"

"स्वतः."

"एक्केचाळीस. महिलांचे कपडे, चौदा किलो." बाईंनी हमालाला खूण केली. त्याने टेप कापली.

वर वर्तमानपत्रांचे बोळे, भरगच्च. मधोमध पांढऱ्या कापडातले पाच ठोकळे. बाईंनी एक उचलून माझ्या हातात दिला. आत वीट होती.

मला आधी चोरीच वाटली. स्टोअरमधल्या माणसाला दुसरं काय सुचणार? माल काढायचा, वजनाला विटा भरायच्या, हा जुनाच खेळ आहे. मी उद्याशेठवर असा काही ओरडलो की शेजारच्या शेडमधली माणसं डोकावली. यार्डात खोके फोडलेत, मुकादमाला आधीच ठाऊक होतं, म्हणून त्याने तळाला लावले, सगळ्यांना सोडणार नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, सील तुमच्यासमोर तुटलं. आणि टेपवर ही सही कुणाची?"

माझी होती. कापेपर्यंत अखंड.

मग मी हातातल्या विटेकडे बघितलं. पांढरं कापड आमच्या जुन्या चादरीचं होतं. प्रत्येक विटेला मापाची पिशवी शिवलेली, कडा आत दुमडून, दुहेरी टाका. विटेवर वीट घासून आवाज होऊ नये म्हणून. तो टाका मी छत्तीस वर्षं अंगावर घालतो आहे. माझ्या प्रत्येक शर्टाच्या बाहीला तो आहे.

त्यांनी बेचाळीस उघडला, त्रेचाळीस उघडला. मी म्हटलं, पुरे करा हो, बाकीच्यांतही तेच आहे. पण नियम असतो. बाराही उघडले. मशीनच्या खोक्यात सहा विटा होत्या आणि वर एक छोटा तुकडा, अठरा किलो पुरे करायला.

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, यात बेकायदा काही नाही, पण नोंद खोटी आहे. बारा खोके वगळून यादी सुधारून द्या आणि फरक का पडला ते लेखी द्या, कंटेनर उद्याच्या जहाजावर जाईल. त्यांनी कोरा कागद पुढे केला.

तेहतीस वर्षांत असली स्पष्टीकरणं मी लोकांकडून शेकड्याने घेतली. नजरचुकीने, घाईगडबडीत, गैरसमजातून. पेन घेऊन अर्धा तास बसलो. उद्याशेठ कानात सांगत होता, लिहा, हमालांकडून अदलाबदल. शेवटी एक ओळ लिहिली. 'सदर सामान माझ्या पत्नीचे होते. पत्नी माझ्यासोबत येत नाही.'

बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला.

घरी आलो तेव्हा कामगार गेले होते. ही खिडकीशी उभी होती.

"उघडले?"

"उघडले."

ती खाली गादीवर बसली. मी बादलीवर. विचारायचं दुसरंच होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "विटा कशाला भरल्यास?"

"तुमची यादी होती ना. चौदा, चौदा, तेरा. वजन कमी भरलं असतं तर ती चुकली असती. यादी चुकली की तुम्हाला झोप येत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं. घर विकलंत त्या दिवशी सांगितलं. गेल्या वर्षी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, खोक्यात भरून नेतो."

मी ही डायरी काढून बघितली. सहा फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात आहे.

तिचे कपडे आणि मशीन इस्त्रीवाल्याच्या मागच्या खोलीत आहेत. आत एक लहानशी जागा आहे, तिथे पलंग टाकलाय. मी गेल्यावर तिथे राहायची. मग कागद आले नाहीत, बहिणीला बरं नाही, असं करत करत मला सवय होईल असं तिने धरलं होतं. चिरंजीवाला माहीत होतं. त्याला फोन केला. "आईने शपथ घातली होती बाबा," म्हणाला. मुकादमाला खोका उचलतानाच हाताला कळलं. मेहुणीला माहीत होतं. वॉचमनला विटांचे पैसे हिने कधीच नेऊन दिले होते आणि तोही मला वही दाखवत राहिला. फक्त मला माहीत नव्हतं. बारा वेळा मी त्या टेपवर सही केली.

"मी राहतो," मी म्हटलं. "तिकीट रद्द करतो. तुझ्या त्या खोलीत राहू."

तिने गादीवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "ती मग तुमची खोली होईल. दोन दिवसांत तुम्ही माझ्या रिळांना नंबर घालाल."

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती रडत होती.

"मला तुमचा कंटाळा नाही आला हो," ती म्हणाली. "मला न विचारता सगळं ठरतं, त्याचा आलाय. तुम्ही जा. पोराला शब्द दिलाय, तिथे तुमची गरज आहे. मला यावंसं वाटलं तर मी सांगेन. तुम्ही विचारू नका."

मला राग आला. फार आला. मग तो कुणावर काढायचा तेच कळेना. एकाच खोलीत, एका किल्लीच्या घरात, रागावून जायलासुद्धा जागा नाही. आम्ही दोन गाद्यांवर पडून राहिलो. ती जागी आहे हे मला कळत होतं, मी जागा आहे हे तिला.

२८ मार्च

कंटेनर काल चढला. पुलावरून बघितला. क्रेनने उचलला तेव्हा त्याच्यावर पुन्हा आलेले दोन आधी बाजूला ठेवले, किती सोपं होतं ते. एक्कावन्न खोके, मांडण्या आणि पलंग, एक. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिकडे जायची घाई मीच केली होती, आता तिथे जाण्यावाचून मला दुसरी जागा नाही. ती म्हणाली नाही तसं, पण तिला गेली कित्येक वर्षं असंच वाटत असणार. हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

३० मार्च

उद्या निघायचं. सकाळी ही किल्ली घेऊन निघाली तेव्हा विचारलं, "तुझा वर्ग बघायला येऊ का?"

दारात थांबली. किल्ली पर्समध्ये टाकली.

"बायका असतात. पाच मिनिटं या."

इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या बाजूने बोळ आहे, पुढे दोन पायऱ्या. खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी. सहा मशीन्स, अकरा बायका. खिडकीशी हिचं. कोपऱ्यात पडद्यामागे पलंगाचा पाय दिसत होता. मी दाराशी उभा राहिलो. बसायला सांगेल असं वाटलं होतं, पण तशी खुर्चीच नव्हती.

"हे आमचे. उद्या मुलाकडे जाताहेत," ती म्हणाली. बायकांनी मान लववली आणि परत मशीनला लागल्या.

तिथे ती मोठ्याने बोलते. हे मला माहीत नव्हतं. एका बाईच्या हातातलं कापड तिने उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "उसव सगळं. परत घाल. घाई कुणाला आहे?" ती बाई हसली, हीही हसली. घरी ती असं हसत नाही, किंवा हसत असेल आणि मी यादी करत असेन.

दाराजवळच्या बाईने तिला विचारलं, "बाई, तुम्ही कधी जाणार?"

सगळी मशीन्स थांबली. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"मी कुठे जाते," ती म्हणाली. "धागा ओव तुझा."

मशीन्स पुन्हा सुरू झाली. माझी पाच मिनिटं झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं, पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "तुमच्याकडे राहू द्या ही. मी आज इथेच झोपेन."